नाव नसलेलं पेन

१. पहिलं पेन अ‍ॅलर्जी माहीत नसलेल्या मुलासाठी हवं.
माझी मुलगी दुसरीत होती. न्यू जर्सीतली साधी सरकारी शाळा. वर्गातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाची पिस्त्याची कुकी तिनं खाल्ली आणि दहा मिनिटांत बाईंना म्हणाली, "घशात काहीतरी अडकलंय." ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, खोकला थांबेना. तिच्या नावाचं औषध शाळेत नव्हतं, कारण तिला अ‍ॅलर्जी आहे हे आम्हालाच ठाऊक नव्हतं. नर्सनं कपाटातून शाळेचं स्वतःचं एपिनेफ्रिनचं पेन काढलं, त्यावर कुणाचंच नाव नव्हतं, आणि मांडीत टोचलं. मला फोन आला तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स निघालेली होती, आणि मागून लेकीच्या रडण्याचा आवाज येत होता. रडते आहे म्हणजे श्वास घेते आहे, एवढंच मला कळलं.
अमेरिकेतल्या पाहण्यांत दिसलं आहे, की शाळेत अशी जीवघेणी रिअ‍ॅक्शन येणाऱ्यांपैकी साधारण चौघांत एकाला आधी अ‍ॅलर्जीचं निदान झालेलंच नसतं. शाळांनी अशा नाव नसलेल्या पेनांचा साठा ठेवावा म्हणून २०१३ च्या केंद्रीय कायद्यानं राज्यांना उत्तेजन दिलं. न्यू जर्सीनं २०१५ मध्ये तो शाळांना सक्तीचा केला. अनेक राज्यांत अजून नुसती परवानगी आहे. माझी मुलगी तिथे असती तर, हा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

२. सिरप म्हणजे इलाज नव्हे.
त्याआधीच्या दिवाळीत काजूकतली खाऊन ती ओकली होती आणि अंगावर गांधी उठल्या होत्या. मी अँटिहिस्टामिनचं सिरप दिलं, तासाभरात ती खेळायला लागली, आणि मी विसरले. काजू आणि पिस्ता एकाच कुळातले, एकाची अ‍ॅलर्जी असली तर दुसऱ्याचीही बहुधा असते, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. सिरपनं खाज थांबते. सुजलेला घसा उघडत नाही, घसरलेला रक्तदाब सावरत नाही. ते काम एपिनेफ्रिनचं, म्हणजे आपल्याकडच्या अ‍ॅड्रेनलिनचं. आणि ते आधी द्यायचं, वाट पाहून नव्हे.

३. भीती सुईची नसते, चुकण्याची असते.
मी आता त्याच शाळेत मदतनीस म्हणून काम करते आणि नर्सच्या हाताखाली पेन टोचण्याचं प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी एक आहे. सुईविना सरावाचं पेन असतं, ते आम्ही पुन्हा पुन्हा मांडीवर दाबतो. एपिपेनचं निळं टोपण काढायचं, नारिंगी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला जोरात दाबायचं, तीन सेकंद धरायचं. जीन्सवरूनही चालतं. मग ९११ ला फोन, वेळ लिहून ठेवायची, मुलाला आडवं करायचं. दम लागत असेल तर बसवायचं, पण उभं करून चालवायचं नाही. पाच ते पंधरा मिनिटांत उतार नसेल तर दुसरं पेन.
बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच. काही तासांनी रिअ‍ॅक्शन पुन्हा उलटू शकते.

४. दोन मापं ठेवा.
लहानग्यांना ०.१५ मिलिग्रॅम, साधारण तीस किलोच्या पुढे ०.३. मुदतीची तारीख बघा, पेनच्या खिडकीतून औषध गढूळ दिसतंय का तेही. उन्हातल्या गाडीत पेन कधीच ठेवू नका.

५. कुलूप.
यावर मी सगळ्यात जास्त भांडले. आमच्या राज्याचा कायदा सांगतो, की औषध सुरक्षित पण कुलूप नसलेल्या जागी हवं. दिवसा ते तसंच असे. पण तीननंतर नर्स घरी जायची, खोली बंद व्हायची, आणि जिममध्ये मुलं सहापर्यंत बास्केटबॉल खेळत असायची. एका संध्याकाळी मी घड्याळ लावून जिमपासून निघाले. किल्लीवाले काका दुसऱ्या मजल्यावर होते. पेन हातात यायला सात मिनिटं लागली. तो आकडा कागदावर लिहून मी पालकसभेत वाचला, मग शाळा मंडळाच्या बैठकीत पुन्हा वाचला.
चार महिने गेले. मार्चमध्ये काकांनीच जिमच्या दाराशी भिंतीवर एक पांढरी पेटी बसवली. आत दोन्ही मापांची पेनं. झाकण ओढलं की उघडतं.