बाबांना विचारता न येणारा प्रश्न

अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजच्या ओनील लायब्ररीत एक उत्तरं देणारी भिंत आहे. मुलांनी चिठ्ठीवर प्रश्न लिहायचा, नाव न घालता चिकटवायचा आणि भिंतीच्या नावाने आलेलं उत्तर वाचायचं. कोकणाला हे फारसं नवं वाटू नये. दापोलीजवळच्या मुरुडचे र. धों. कर्वे 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या चारचौघांत न उच्चारता येणाऱ्या प्रश्नांना रोखठोक उत्तरं देत होते. त्या उत्तरांपायी 1934 साली त्यांच्यावर खटला झाला. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरी दंड झालाच.

आज गुहागरच्या एखाद्या लायब्ररीत अशा चिठ्ठ्यांसाठी पेटी ठेवली, तर तितक्याच गुपचूप टाकावा लागेल असा एक प्रश्न नक्की निघेल: “मला कॉम्प्युटर इंजिनीअरिंग नको आहे, बाबांना कसं सांगू?” लहान गावात लायब्ररीतले सर वडिलांना ओळखतात. सकाळी विचारलेलं संध्याकाळपर्यंत बाजारपेठेतून घरी पोचतं. त्यामुळे मुलं गप्प राहतात आणि करिअर मार्गदर्शकाला दर जूनमध्ये फोन येतात ते पालकांचेच. प्रश्न ठरलेला, “मेरिटमध्ये बसत नाही, पण मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर घेऊन टाकू का? एआय तरी?”

नका घेऊ. मुलाला ती शाखा मनापासून हवी असेल तर गोष्ट वेगळी. पण मुंबईचा मामा सांगतो म्हणून बाग गहाण टाकणं हा शुद्ध वेडेपणा आहे. तांत्रिक शिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने 2024-25 पासून चांगल्या संस्थांसाठी शाखेतल्या कमाल जागांची मर्यादा उठवली. जागा वाढवायच्या तर कॉलेजं मागणी असलेल्या शाखेतच वाढवणार. चार वर्षांनी त्याच पदवीचे कागद घेऊन किती जण रांगेत असतील, याचा विचार फी भरण्याआधी करावा. शिवाय मुलींच्या पालकांनी एक नीट वाचावं. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत मिळणारी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी सरकारी प्रवेश फेरीतून आलेल्यांना असते. मॅनेजमेंट कोट्याला ती नाही.

एकाच घोड्यावर सगळे पैसे लावले की काय होतं, हे या तालुक्याला बाहेरून कोणी शिकवायला नको. अंजनवेलला एन्रॉन कंपनीच्या प्रकल्पाची वीज 1999 मध्ये सुरू झाली आणि 2001 मध्ये बंद पडली. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीनेच दिवाळं काढलं.

मेडिकल, बी.कॉम., एमपीएससी यांवर सल्ला देणारे गल्लोगल्ली आहेत. ज्याचं नाव काढलं की घरात शांतता पसरते, तो पर्याय म्हणजे बी.एफ.एस्सी., मत्स्यविज्ञानाची पदवी. रत्नागिरीजवळ शिरगावला 1981 पासून मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. अभ्यासक्रम चार वर्षांचा, बारावी सायन्सनंतरचा. गुहागरच्या मुलाला यापेक्षा जवळची आणि समुद्राशी थेट जोडलेली पदवी सापडणं कठीण.

यावर दोन घरांतून दोन आक्षेप येतात. वाडीतले पालक म्हणतात, “आमच्यात मासे धरत नाहीत.” वेलदूर-असगोलीकडचा मच्छीमार बाप म्हणतो, “जन्मभर खारं वारं खाल्लं, आता पोराने तरी यातून सुटावं.” पहिल्याला स्पष्टच सांगायला हवं की ही जातीची घमेंड आहे, करिअरचा विचार नव्हे. दुसऱ्याचं म्हणणं मात्र ऐकून घेण्यासारखं आहे. त्याने डिझेलचे भाव, दलाल आणि रिकामी परतलेली होडी पाहिली आहे. त्याला एवढंच समजवायचं, की ही पदवी मुलाला जाळं ओढायला शिकवत नाही.

मग काय शिकवते? कोळंबीच्या तळ्यात पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात खाली जातो. तिथला तंत्रज्ञ त्या वेळी टॉर्च आणि मीटर घेऊन बांधावर असतो. आकडा घसरलेला दिसला की एरेटर सुरू. उशीर झाला तर सकाळी माल मेलेला. रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि झोपमोड या तिन्हींची सवय लागते. त्यापलीकडे निर्यात कारखान्यातली तपासणी प्रयोगशाळा आहे, खाद्य कंपन्या आहेत, सरकारचा मत्स्यव्यवसाय विभाग आहे. बँकांच्या कृषी अधिकारी पदाच्या परीक्षेलाही ही पदवी चालते. पुढे शिकायचं तर वर्सोव्याला केंद्र सरकारची मत्स्यशिक्षण संस्था सीआयएफई आहे. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जाही दिला.

सगळं गोड नाही. आपली कोळंबी मोठ्या प्रमाणात अमेरिकेला जाते आणि ऑगस्ट 2025 मध्ये त्या देशाने भारतीय मालावर 50 टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लावल्यावर निर्यातदारांचे धाबे दणाणले. सुरुवातीला पगार बेताचा, नोकरी अनेकदा आंध्रात किंवा गुजरातेत. ज्याला घर सोडवत नाही त्याने इकडे वळू नये.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर असतात आणि ॲडमिशनचा गोंधळही तेव्हाच चालू असतो. बापलेकांना एक दिवस काढायला ही वेळ बरी. फेरीबोट चालू असेल तर तवसाळ-जयगडवरून, नाहीतर चिपळूणमार्गे शिरगाव गाठावं. ऑफिसातून माहितीपुस्तिका घेऊन लगेच परतू नये. कँटीनमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांपाशी बसावं आणि गेल्या वर्षी पास झालेले कुठे आहेत, हातात किती पडतात, कितीजण सोडून गेले आणि का, हे विचारावं. आणि तेवढा वेळ बाबांनी चहा घ्यायला जरा लांबच्या टेबलावर बसावं.