छाटणी विचारून निघा, तिथी बघून उतरा

सूनबाई, तुम्हा दोघांचा चार दिवसांचा बेत कानावर आला. द्राक्षाचे मळे, वाइनचे कारखाने आणि समुद्र, तिन्ही एका फेरीत बघायचंय, तेही जालन्याहून. होण्यासारखं आहे. नाशिकला मळे आणि वायनऱ्या. तिथून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत खाली उतरलं की डहाणू. डहाणूच्या पुढे बोर्डीचा किनारा, आणि तिथे चिकूची वाइन करणारी हिल झिल. समुद्र आणि वाइन शेजारी-शेजारी नांदतात अशी ही जागा.

आधी सुट्टी मंजूर करून मग चौकशी करायची, असं मात्र करू नका. आधी बागेला विचारायचं. वेलीची एप्रिलात खरड छाटणी होते आणि पावसाळा सरता सरता, ऑक्टोबरच्या आसपास, गोडी छाटणी. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर घडांऐवजी काड्या आणि कोवळी फूट बघून परत याल. वाइनच्या द्राक्षाची तोडणी साधारण जानेवारीत सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते. तेव्हा फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरा. वेलीवर माल असतो, कारखान्यात गाळप चालू असतं, उन्हाचा चटकाही लागलेला नसतो. सव्वीस जानेवारीला जोडून मात्र जाऊ नका. त्या दिवशी दारूविक्री बंद, म्हणजे चव घेणं बंद, आणि जोडसुट्टीची गर्दी वर. शनिवार-रविवारही टाळा. मंगळवारी-बुधवारी गेलं की माहिती देणारा माणूस तुमच्याशी निवांत बोलतो.

निघायच्या आधी एक सकाळ कडवंचीला जा. लांब नाही, आपल्याच तालुक्यात आहे. हे मी आग्रहाने सांगतो. १९९६ ते २००२ या काळात तिथे इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचं काम झालं. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र पाठीशी होतं, गावाने अंगमेहनत केली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांध घातले, पुढे शेततळी झाली, आणि २०१२ च्या दुष्काळातही तिथली द्राक्षं उभी राहिली. आपल्या कोरडवाहू जिल्ह्यात वेल कशावर जगते हे डोळ्यांनी बघितलंत, तर नाशिकचं हिरवेपण तुम्हाला नुसतं फोटोपुरतं दिसणार नाही. बागवानाला विचारून तिथला एक मणी खा. पातळ साल, बी नाही, दाताखाली कुर्रकन फुटणारा. ती चव लक्षात ठेवा.

मग नाशिकला वाइनच्या वाणाचा मणी मिळाला तर चावून बघा, शिराझ किंवा सोव्हिन्यो ब्लांक. मणी लहान, साल जाड, आत बी, आणि गोडी इतकी की जीभ चिकटते. खायच्या द्राक्षाची गोडी ब्रिक्समध्ये अठराच्या आसपास आली की माल काढतात. वाइनचा मणी बावीस-चोवीसपर्यंत वेलीवर ठेवतात, कारण त्याच साखरेची पुढे दारू व्हायची असते. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा त्या जाड सालीतून येतो. एवढं ठाऊक असलं की कारखान्यातली टाकी बघताना आत काय चाललंय ते कळतं. आणि न विचारता घडाला हात लावायचा नाही. शेवटची फवारणी कधी झाली, हे फक्त बागवानाला माहीत असतं.

जाताना समृद्धी महामार्गाने जा, सिन्नरजवळ उतरून नाशिक गाठा. निघण्यापूर्वी टायर आणि हवा तपासून घ्या. सरळ रस्त्यावर डोळा लागतो, म्हणून दीड तासाला गाडी थांबवून उतरायचं आणि चालवणारा बदलायचा. गाडी चालवायची नसेल तर जालन्याहून नाशिकरोडला थेट रेल्वे आहे. पुढचा घाट मात्र गाडीशिवाय अवघड.

नाशिकला एका दिवसात दोनच वायनऱ्या, एक मोठी, एक लहान. मोठी म्हणजे गंगापूर धरणाजवळची सुला. राजीव सामंतांनी १९९९ मध्ये ती सुरू केली आणि आईच्या, सुलभाताईंच्या, नावावरून तिचं नाव ठेवलं. लहान कुठली ते तिथे गेल्यावर ठरवा. लहान ठिकाणी कधी कधी वाइन करणारा माणूसच समोर येतो, त्याला मातीबद्दल विचारा. चव घेताना आधी पांढरी, मग लाल, गोड शेवटी. पोटात काही घालून जा. घोट तोंडात फिरवून भांड्यात थुंकायची पद्धत आहे, त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं, संकोच करू नका. गाडी ज्याच्या हातात, त्याने तर एक थेंबही गिळायचा नाही. यात मी कुणाचं ऐकणार नाही. आपल्या राज्यात वाइनला वयाची एकविशी लागते, ओळखपत्र जवळ असू द्या. पीत नसलात तरी गाळप बघायला जरूर जा.

नाशिकहून सकाळी लवकर निघा. घाट आणि जव्हारची वळणं उजेडात संपवा, जेवण जव्हारला करा.

आता समुद्र. बोर्डीचा किनारा उथळ आणि लांबलचक. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की ते शोधत चालावं लागतं, आणि भरतीला सुरूच्या झाडांकडे येतं. चुकीच्या वेळी पोचलात तर किनारा बघितल्यासारखं होणार नाही. त्यासाठी किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशेब शिकून घ्या. कॅलेंडरवरची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे भरती पावणेचारला आणि ओहोटी सवासहा तासांनी, दहाच्या सुमारास. शुद्ध असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. यावरून मुक्कामाचा दिवस ठरवता येतो. अष्टमीला संध्याकाळी सहाला भरती, म्हणजे सूर्यास्ताला पाणी जवळ. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी उधाण आणि संध्याकाळी मोकळी वाळू. लांब चालायचं असेल तर हेच दिवस बघा. ओहोटीला फार आत जाऊ नका, परतीचं पाणी सपाट वाळूवर भराभर पसरतं. गाडी वाळूवर घालायची नाही. चाक रुतलं आणि भरती लागली तर ट्रॅक्टर येईपर्यंत गाडीत पाणी शिरतं.

हिल झिलला आदल्या दिवशी फोन करून जा. आणि एक महत्त्वाचं. बोर्डीहून झाई ओलांडली की गुजरात लागतं, उंबरगाव अगदी जवळ. पुढे पारशांचा पवित्र अग्नी असलेलं उदवाडा आहे. अग्यारीत आपल्याला प्रवेश नाही, पण गावातली जुनी घरं बघण्यासारखी आहेत, जावंसं वाटेल. जा, पण गाडीत बाटली ठेवून नको. गुजरातेत दारूबंदी आहे, सीलबंद बाटलीही चालत नाही. घेतलेलं सगळं खोलीवर ठेवून सीमा ओलांडा, आणि बिलं फेकू नका.

बोर्डीला ज्या घरी उतराल, तिथल्या घरमालकिणीला जेवणाचं आधी सांगून ठेवा. हिवाळ्यात तिकडे कंद आणि पापडी घालून उकडहंडी करतात, तिला वेळ लागतो. जाताना आपली मृग बहाराची मोसंबी घेऊन जा. जालन्याची मोसंबी आणि डहाणू-घोलवडचा चिकू, दोन्हींना भौगोलिक मानांकन २०१६ मध्येच मिळालं, घरमालकिणीला सांगून द्या. येताना चिकू कडक बघून घ्या, कागद घातलेल्या टोपलीत एका थरात लावा, तीन-चार दिवसांत घरी पिकतील. पिशवीत बांधले तर खालचे दबतात. बाटल्या कपड्यांत गुंडाळून सीटखाली आडव्या ठेवा, डिकीत उन्हाने वाइन नासते. तिथी काढून मला आधी कळवा, मी पंचांगात पडताळून सांगतो.