पहिला पंधरवडा पुस्तकाचा नाही

यंदा नव्याने रुजू झालेल्या गुरुजींनो आणि बाईंनो, शाळा १५ जूनच्या सुमारास उघडेल, विदर्भात उन्हामुळे आणखी थोडी उशिरा. तुम्ही मात्र चार दिवस आधी जाऊन या. दीड महिना बंद असलेल्या खोलीत कोण मुक्कामाला आलंय ते मुलांच्या आधी तुम्हाला कळायला हवं. कपाटामागे, स्वच्छतागृहात, मोडक्या बाकांच्या ढिगाखाली काठी आपटून बघा. विंचू-साप अशाच जागा धरतात. पाण्याची टाकी उपसून घासून घ्या. छत कुठे गळतंय, विजेच्या बोर्डाला ओल आलीय का, ते पाहा आणि मुख्याध्यापकांना लेखी द्या. तोंडी सांगितलेलं जूनच्या धांदलीत कुणाच्या लक्षात राहत नाही.

पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव होईल. तोरण, फुलं, गोड खाऊ, बालभारतीची कोरी पुस्तकं. मनापासून करा. पण दुसऱ्या दिवशी पहिला धडा काढून बसू नका. माझं ठाम मत आहे की पहिला पंधरवडा पाठ्यपुस्तकाचा नसतो. कोणतं मूल कुठवर आलंय ते शोधायचे हे दिवस. अभ्यासक्रम मागे पडेल अशी धास्ती तुम्हाला घातली जाईल, तिला बळी पडू नका. तिसरीतल्या ज्या मुलाला जोडाक्षर फुटत नाही, त्याच्यासमोर तिसरीचे धडे मार्चपर्यंत वाचले तरी तो तिथेच राहतो.

शोधायचं कसं? एकेका मुलाला जवळ बसवून वाचायला द्या, आणि लक्ष त्याच्या बोटाकडे ठेवा. पुष्कळ मुलं मागच्या वर्षीचा पाठ घडाघडा म्हणतात, बोट मात्र तिसऱ्याच ओळीवर असतं. मोठ्या भावंडाकडून ऐकून पाठ झालेलं असतं ते. अशा वेळी चित्र हाताने झाका आणि शेवटून दुसरी ओळ वाचायला सांगा. तिथे मूल थबकलं की खरं चित्र कळतं. त्याला रागावू नका. न वाचता इतकं पाठ ठेवणारं मूल हुशारच असतं, त्याला अक्षरं ओळखायला कुणी शिकवलेलं नसतं एवढंच.

गणिताचंही तसंच. फळ्यावर ४२ वजा १७ घाला. वर्गात कुणाचं तरी उत्तर ३५ येईलच. त्यावर फुली मारून पुढे गेलात तर हातात काही लागत नाही. ‘कसं केलंस रे?’ असं विचारा. तो सांगेल, सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. म्हणजे वजाबाकी त्याला येते. दशक मोडून सुटे करणं येत नाही. त्याच्या हातात काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या, सतरा काढून दे म्हणा. रबर सोडल्याशिवाय काड्या देता येत नाहीत, हे त्याचं त्यालाच उमगतं. पहिली-दुसरीतलं मूल पंचवीस ऐकून ५२ लिहीत असेल तर त्यालाही बोल लावू नका. आपण बोलताना पाच आधी उच्चारतो, ते तसंच लिहितं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची जोड दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! वर्गात उभं राहून बघणाऱ्याला त्यामागची अडचण चटकन कळली असती.

हे सगळं एका साध्या वहीत लिहा, प्रत्येक मुलाला एक पान. सरकारी नोंदी वेगळ्या असतात, त्या भराव्याच लागतात. ही वही तुमची.

जनरल रजिस्टरबद्दल जरा थांबून सांगते. पहिलीचा प्रवेश नोंदवताना तुमच्या हातून जे नाव, जी जन्मतारीख पडते, ती त्या मुलाच्या दाखल्यावर, दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि नंतर नोकरीच्या कागदांवर जाते. वेलांटी चुकली तर बापाला तालुक्याला खेटे घालावे लागतात, मजुरी बुडते. म्हणून आधी पेन्सिलीने कच्चं लिहा, पालकांना वाचून दाखवा, आईचं नाव विचारा, मगच शाईने उतरवा. जन्माचा दाखला नाही म्हणून कुणाला परत पाठवू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ नुसार वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या गावात असाल, तर कामाला जूनमध्येच लागा. दिवाळीच्या आगेमागे गाड्या भरतात आणि पोरं आई-बापाबरोबर फडावर जातात, ती उन्हाळ्यात परततात. कोण जाणार, घरी आजी-आजोबा आहेत का, मूल मागे ठेवायची तयारी आहे का, हे पावसाळ्यातच घरी जाऊन विचारा. हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत करायला लावा. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. ऑक्टोबरात जागं होऊन उपयोग नसतो.

पालकसभा पेरणीच्या ऐन घाईत आणि बाजाराच्या दिवशी ठेवू नका. आया येतील अशी वेळ त्यांनाच विचारून ठरवा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदा म्हणतो. सही करून घरी जाण्यापुरत्या त्या नकोत. पोराच्या तक्रारीने सभा सुरू करू नका, त्याला काय चांगलं येतं ते आधी सांगा.

पोषण आहाराच्या बाबतीत मी अगदी हट्टी आहे. तांदळाची पोती जमिनीवर नकोत, फळीवर ठेवा. तेलाचा वास घ्या. मुलांच्या ताटात पडायच्या आधी खिचडी स्वतः चाखा, आणि चव नोंदवहीत सही चाखल्यावरच करा. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या एका गावात शाळेतल्या जेवणातून कीटकनाशक पोटात जाऊन २३ मुलं दगावली. तेलच दूषित होतं. त्या बातमीनंतर मी कधी न चाखता सही केली नाही.

छडीविषयी फार बोलत नाही. कलम १७ ने मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. वर्ग गोंगाट करतो तेव्हा आवाज चढवू नका, उतरवा. गोष्ट सुरू करा. मागची पोरं आपोआप पुढे सरकतात.

मूल घरची बोली बोलतं, ती बोलू द्या. ‘व्हतं’ म्हणणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात ‘होतं’ म्हणायला लावलंत तर तो महिनाभर तोंड उघडत नाही. तुम्ही प्रमाण भाषेत उत्तर देत राहा, दिवाळीपर्यंत दोन्ही त्याच्या तोंडी बसतात.

आणि जे मूल सलग तीन दिवस आलं नाही, त्याच्या घरी तिसऱ्याच संध्याकाळी जा. चौथ्या दिवसाची वाट पाहू नका. कुणाला ताप असतो, कुणी धाकट्याला सांभाळत बसलेलं असतं, कुणाकडे गणवेश नसतो. दारात गुरुजी किंवा बाई आल्या की बहुतेक मुलं दुसऱ्या दिवशी शाळेत येतात.