जिल्ह्याची कला, जिल्ह्याच्या अंगणी

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद हे प्राचीन वसाहतीचे स्थळ आहे. १९७४ साली येथे झाडाचे खोड खणून काढणाऱ्या एका ग्रामस्थाला धातूच्या चार मोठ्या मूर्ती सापडल्या. बैल जुंपलेला रथ व तो हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा या कलाकृती असून त्यांचे एकूण वजन ६० किलोग्रॅमहून अधिक भरते. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी भारतीय धातुकलेच्या इतिहासात त्यांचे स्थान वरचे आहे. आज या मूर्ती जिल्ह्याबाहेरील मोठ्या संग्रहालयांत सुरक्षित आहेत. मात्र ज्या मातीतून त्या निघाल्या, त्या मातीतील किती मुलांनी त्या पाहिल्या असतील, हा प्रश्न विचार करावयास लावणारा आहे.

हीच गोष्ट चित्रकलेची. अहमदनगरच्या निजामशाही दरबारात, हुसेन निजामशहाच्या काळातील घटनांवर, ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे सचित्र काव्य तयार झाले. १५६५ नंतरच्या काही वर्षांतील ही पोथी दख्खनी चित्रशैलीच्या सर्वांत जुन्या ज्ञात नमुन्यांपैकी एक होय. शहाची बेगम खुंझा हुमायून हिच्या आकृती पुढे तिच्या सत्तेच्या पतनानंतर चित्रांतून पुसून टाकण्यात आल्या. राजकारणाचा कलेवर उमटलेला हा ठसाही तीत पाहावयास मिळतो. ही पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे.

ठेवा आणि त्याचे जतन

अशा वस्तू मोठ्या संस्थांत जाणे हे नुकसानच आहे, असे मानण्याचे कारण नाही. त्यांची निगा राखणे हे लहान गावाच्या आवाक्याबाहेरचे काम असते. तथापि मूळ वस्तू दूर गेली, तरी तिची छायाचित्रे, प्रतिकृती आणि सुबोध माहितीफलक गावात आणता येतात. शाळेची एखादी खोली, ग्रामपंचायतीचे सभागृह किंवा समाजमंदिर यांतूनही कलादालनाचा प्रारंभ होऊ शकतो. अहमदनगर शहरात १९६० साली स्थापन झालेले ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय हे या दिशेने स्थानिक पुढाकाराचे ठळक उदाहरण आहे.

येथे कायद्याची माहितीही आवश्यक आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार त्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. १९७२ च्या कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते ‘पुराणवस्तू’ ठरतात. दायमाबादचा ठेवा भट्टीत वितळला असता, तर त्याच्या इतिहासाचा मागमूसही उरला नसता. सरपंच, तलाठी व शिक्षक यांनी ही गोष्ट गावकऱ्यांस वेळोवेळी समजावून सांगणे इष्ट होय.

चालत्या-बोलत्या कला

संग्रहालयात ठेवता येत नाही, असा ठेवा कलावंतांच्या अंगी असतो. शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) हे संगमनेरचे. त्याच संगमनेरात वास्तव्य करून तमाशाकलावंत कांताबाई सातारकर यांनी फड चालविला व वगनाट्यांत पुरुषभूमिकाही गाजविल्या. २०२१ साली त्यांचे निधन झाले. अकोले तालुक्याच्या डोंगरी पट्ट्यात बोहाड्याची परंपरा आहे. देवदानवांचे मुखवटे धारण केलेली सोंगे रात्रभर नाचविली जातात. नगरच्या हौशी रंगभूमीवरूनच पुढे आलेले अभिनेते सदाशिव अमरापूरकर (१९५०–२०१४) यांचे नाव सर्वश्रुत आहे.

या कलांना धोका आहे तो सातत्य तुटण्याचा. मुखवटा भिंतीवर टांगला की तो टिकतो. परंतु तो घालून नाचणारा मनुष्य उरला नाही, तर मागे केवळ लाकूड व रंग राहतात. सोंगाची चाल, वाद्याचा ठेका आणि पदांचे पाठांतर हे गुरूकडून शिष्याकडे जाते. ही साखळी एका पिढीत खंडित होऊ शकते. म्हणून कलाकेंद्राने प्रदर्शनाबरोबर शिक्षणाचीही सोय करणे अगत्याचे आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

प्रथम, गावातील कलावंतांची नोंदवही ठेवावी. नाव, कला, गुरू, येणारी पदे अथवा आख्याने यांची नोंद करावी व कलावंताच्या संमतीने ध्वनिमुद्रण करून घ्यावे.

दुसरे, प्रदर्शन वर्षातून एकदा परंतु ठरावीक दिवशी भरवावे. यात्रा किंवा आठवड्याच्या बाजाराचा दिवस निवडल्यास मजूर व महिला यांनाही ते पाहता येते. कार्यालयीन वेळेत उघडून सायंकाळी बंद होणारे प्रदर्शन बहुसंख्य लोकांना दुर्लभच राहते.

तिसरे, वस्तूंची काळजी घ्यावी. जुना कागद, कापड व चित्र यांवर थेट ऊन पडू देऊ नये. प्रकाशाने रंग उडतो आणि तो परत येत नाही. नाजूक चित्रांसाठी सुमारे ५० लक्सइतका मंद प्रकाश पुरेसा मानतात. प्रत्येक वस्तूजवळ ती कोणी दिली, कोठे सापडली व कशासाठी वापरीत, हे ठळक मराठीत लिहावे. ज्या वस्तूची हकिकत हरवली, तिचे निम्मे मोल हरवले.

चौथे, कलावंतास मानधन द्यावे व ते अंदाजपत्रकात आधीच धरावे. सत्काराची शाल आणि नारळ यांनी त्याचा मान राखला जातो. पण घर चालत नाही. कला ज्याच्या उपजीविकेस आधार देते, त्याचीच मुले ती शिकण्यास पुढे येतात.

जिल्ह्यास अहिल्यानगर हे नाव लाभले ते चौंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकर यांच्या स्मरणार्थ. त्यांनी देशभर घाट व मंदिरे बांधविली आणि महेश्वरात विणकरांना आश्रय दिला. कलेला आश्रय म्हणजे कारागिराच्या हाताला काम, हा त्यांच्या कार्याचा धडा आहे. ग्रामपंचायतीच्या एका खोलीतूनही तो गिरविता येईल.