ऑलिव्हर घराणे : एका कुलवृत्तान्ताचा अभ्यास

कुलवृत्तान्ताचा आरंभ बहुधा मूळपुरुषाच्या वस्तीपासून होतो. त्या भूमीवर आधी कोण नांदत होते, हे सहसा कोणी विचारत नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या पूर्व भागात, ऍपलाचियन पर्वतराजीत केड्स कोव्ह नावाचे खोरे आहे. तेथील ऑलिव्हर घराण्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

घराण्याचा मूळपुरुष जॉन ऑलिव्हर. १८१४ मध्ये हॉर्सशू बेंडच्या लढाईत तो अँड्रू जॅक्सनच्या सैन्यात होता. चेरोकी जमातीचे योद्धेही तेथे जॅक्सनच्याच बाजूने लढले. १८१८ मध्ये जॉन पत्नी लुरेना व तान्ह्या मुलीसह या खोऱ्यात आला. हा मुलूख तेव्हा चेरोकींचा होता. तो अमेरिकेकडे गेला १८१९ च्या कॅलहूनच्या तहाने. म्हणजे ही वस्ती प्रथमतः बेकायदेशीरच होती. हिवाळा तोंडावर आलेला आणि घरात पुरेसे धान्य नाही. त्या वेळी चेरोकींनी दिलेल्या वाळवलेल्या भोपळ्यावर कुटुंब तगले, असे घराण्यात पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत.

पुढे ऑलिव्हरांची शेती वाढली. १८२७ मध्ये खोऱ्यात चर्च स्थापन झाले. चेरोकींच्या वाट्याला मात्र वेगळेच आले. १८३० मध्ये राष्ट्राध्यक्ष जॅक्सननेच स्थलांतराच्या कायद्यावर सही केली. १८३२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या अनुकूल निर्णयाचाही उपयोग झाला नाही. १८३८ मध्ये त्यांना पश्चिमेकडे हाकलण्यात आले. या प्रवासात हजारो माणसे दगावली.

शंभर वर्षांनी पाळी ऑलिव्हरांची आली. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानासाठी सरकारने खोरे संपादन केले. मूळपुरुषाचा पणतू जॉन डब्ल्यू. ऑलिव्हर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडला. अखेर १९३७ मध्ये त्याला घर सोडावे लागले. ऑलिव्हरांचे ओंडक्यांचे घर आज उद्यानात जतन केलेले आहे.

ही दोन विस्थापने सारखी मानता येणार नाहीत. ऑलिव्हरांना मोबदला मिळाला, चेरोकींना मृत्यूची वाट तुडवावी लागली. परंतु दोन्ही एकाच कथेत वाचली पाहिजेत. भोपळ्याची आठवण घराण्याने जपली; तहाचे साल दफ्तरातच शोधावे लागते. केवळ आठवणीवर विसंबल्यास वस्ती ही निव्वळ धाडसाची गोष्ट वाटते. केवळ कागदावर विसंबल्यास त्या हिवाळ्यातली माणुसकी हरवते. कुलवृत्तान्त लिहिणाऱ्याने दोन्ही साक्षी समोरासमोर ठेवाव्यात, आणि उपकारकर्त्यांचे पुढे काय झाले, हेही नोंदवावे.