पायऱ्या मोजणारं मूल

पावसाळा तोंडावर आला की महाड-पोलादपूरकडच्या घरांत मोठी माणसं गप्प होतात. सावित्री कुठवर आली, गांधारी कुठवर आली, एवढंच एकमेकांना विचारायचं, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकायची आणि मुलांसमोर मात्र काही घडलंच नाही असं वागायचं. मीही तेच केलं. माझ्या मुलाला त्याची किंमत मोजावी लागली, म्हणून हे सांगते आहे.

जुलै २०२१. तो तेव्हा चौथीत होता. कोरोनामुळे शाळा बंदच होती. २२ तारखेला महाड शहरात पाणी शिरलं तेव्हा आम्ही तळमजल्यावरून वरच्या बिऱ्हाडात पळालो. वीज गेली, फोन गेले. बाबा एमआयडीसीत पाळीवर अडकलेले. आमच्या जिन्याला अकरा पायऱ्या. पोरगं कठड्याला धरून पाण्याखाली गेलेल्या पायऱ्या मोजत राहिलं. नववी पायरी बुडाली आणि पाणी थांबलं. खाली आमचा संसार तरंगत होता.

त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. काहींचे तर देहही हाती लागले नाहीत. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी कोसळल्या. जुन्या माणसांना २००५ ची दासगाव-जुईची दरड आठवली. आपल्या भागात दुःख मोजायची मापं अशी फार मोठी आहेत आणि माझी चूक तिथेच झाली. मुलगा रात्री दचकून उठायचा, जिन्याशी जाऊन अंधारात पायऱ्या मोजायचा. मी त्याला म्हणायचे, "तळियेच्या मुलांचं बघ. आपलं काय गेलं? भांडीकुंडीच ना?" मला वाटायचं, मी त्याला धीर देते आहे. दुसऱ्याच्या मोठ्या दुःखाखाली मी त्याची भीती दाबून टाकत होते. तो बोलायचा थांबला. मोजायचा मात्र थांबला नाही.

आमचं घर ख्रिस्ती. रायगडात ख्रिस्ती म्हटलं की लोकांना समुद्राकडची कोर्लई आठवते, तिथली पोर्तुगीज वळणाची बोली आठवते. इकडे डोंगराकडे आम्ही थोडे. आमच्या मंडळीला ना उंच मनोरा, ना घंटा. कोणाच्या तरी घरी सतरंजी अंथरून उपासना व्हायची. टाळेबंदीत तीही सुटली होती. त्यामुळे पूर ओसरल्यावर मंडळीतलं कोणी येईल अशी माझी अपेक्षाच नव्हती. पण एकेक जण आला. पहिल्या दिवशी कोणी शास्त्र उघडलं नाही. दोघांनी फावड्याने चिखल ओढला, एकीने भांडी घासली, एका घरातून दहा दिवस दोन वेळचा डबा येत राहिला. पुराच्या चिखलाचा वास ज्याने घेतला आहे त्याला कळेल, तो उपसायला येणारं माणूस म्हणजे काय.

त्यांत एक मावशी होत्या. नात्याच्या नव्हेत, मंडळीच्या. त्यांनी मुलाचं ते मोजणं पाहिलं आणि त्याच्या शेजारी पायरीवर जाऊन बसल्या. बऱ्याच वेळाने विचारलं, "प्रार्थना करू का रे तुझ्यासाठी?" तो म्हणाला, "नको." त्या म्हणाल्या, "बरं," आणि बसून राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुण्यांसमोर मुलगा प्रार्थनेला नको म्हणतो! मी रागावणार तेवढ्यात त्यांनी डोळ्यांनीच मला अडवलं. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यानेच विचारलं, "मावशी, देवाला पाऊस थांबवता आला नसता का?" मावशी म्हणाल्या, "मीपण त्याला हेच विचारते आहे." त्या दिवशी माझं पोर पुरानंतर पहिल्यांदा मोठ्याने रडलं.

मी लहानपणापासून शब्बाथ शाळेत गेलेली. ईयोबाची गोष्ट मला पाठ होती. पण त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री एक शब्दही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले, हे मला त्या पायरीवर उमगलं. पुढे त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत, त्यांतली कितीतरी निव्वळ गाऱ्हाणी आहेत, देवाकडे केलेली, थेट त्याच्या तोंडावर. लाजराच्या कबरेशी येशू रडला. मग आपण आपल्या मुलांना "रडू नकोस" कशासाठी शिकवतो?

मंडळीत सगळेच मावशींसारखे नसतात, तेही सांगायला हवं. एकाने मला ऐकवलं, "तुमचा विश्वास कमी पडतो म्हणून मूल घाबरतं." दोन रात्री मला झोप लागली नाही. बाहेरून आलेल्या एका उपदेशकाने तर डोक्यावर हात ठेवून सांगितलं, आता डॉक्टरची गरज नाही. असं कोणी म्हणालं, मग ते कोणत्याही धर्माचं असो, तर मुलाला घेऊन सरळ उठा. मार खाल्लेल्या मुलावर विश्वासाचं ओझं टाकू नये. आमचे पाळक मात्र आमच्याबरोबर स्वतः डॉक्टरांकडे आले आणि बाहेर बाकड्यावर बसून राहिले. प्रार्थना आणि उपचार यांत त्यांनी मला कधी निवड करायला लावली नाही.

डॉक्टरांनी सांगितलेलं तुम्हालाही सांगते. मोठ्या संकटानंतर मुलाचं काही दिवस घाबरणं, चिकटून राहणं, पुन्हा अंथरूण ओलं करणं, खेळातही तोच पूर खेळणं, हे होतं. घर सावरलं, दिनक्रम लागला, ऐकणारं माणूस मिळालं की बऱ्याच मुलांचं ते ओसरतं. महिना उलटूनही झोप, जेवण, शाळा जागेवर येत नसेल तर थांबू नका. पुढच्या वर्षी त्याच दिवसांत भीती पुन्हा डोकं वर काढते, तेव्हा सगळं वाया गेलं असं समजू नका. आता टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. रात्री-अपरात्री लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आमच्या वेळी तो नव्हता, २०२२ मध्ये सुरू झाला. एखाद्या वाडीतून तालुक्याला यायचं तर दिवस मोडतो, त्या आईला हा क्रमांक लिहून द्या.

तुमच्यातल्या अनेकांच्या मनात एक शंका असेल, हे मला कळतं. ख्रिस्ती माणसं मदतीला आली म्हणजे धर्म बदलायला आली का? शंका घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. माझं मत स्पष्ट आहे. डब्याच्या मोबदल्यात कोणी श्रद्धा मागत असेल, तर तो डबा घेऊ नका. आमच्या कोकणातल्या करजगावचे कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. पुढे त्या नगरला नवऱ्याकडे राहायला आल्या त्या स्वतःचं सोवळं आणि वेगळी चूल सांभाळून. त्यांना कोणी ओढलं नाही. एके दिवशी त्यांनीच मनाशी ठरवलं की माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नाही, आणि कोणाच्याही हातचं पाणी प्यायला लागल्या. बाप्तिस्मा त्यांनी पुढे घेतला, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाने. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना मला नेहमी आपलं चवदार तळं आठवतं. पाण्यासाठी माणसांना काय सोसावं लागतं, ते १९२७ च्या सत्याग्रहापासून महाडला कोणी शिकवायला नको.

टिळकांची भजनं आम्ही उपासनेत गातो. त्यांतली कितीतरी अभंगाच्या वळणाची आहेत. पुराच्या दुसऱ्या वर्षी आम्ही आमच्याकडे प्रार्थना ठेवली, तर शेजारचे वारकरी काका मृदंग घेऊन आले. म्हणाले, "ठेका आमचाच आहे की." त्यांच्या घरातही २००५ मध्ये गेलेलं एक माणूस आहे, ज्याच्याबद्दल कधी बोललं गेलं नव्हतं. त्या संध्याकाळी काकूंनी त्या माणसाचं नाव घेतलं. कोणी उपदेश केला नाही. चहा झाला, पाऊस पडत राहिला, आणि काकू बराच वेळ बोलत होत्या.

म्हणून तुम्हाला ख्रिस्ती मंडळीच शोधा असं मी म्हणत नाही. मला ती मिळाली, माझा प्रभू मला तिथे भेटला, हे मी लपवणारही नाही. तुमच्याकडे भजनी मंडळ असेल, बौद्ध विहार असेल, मशिदीतली माणसं असतील, बचत गट असेल. पण मुलाची भीती घरात कोंडून ठेवू नका. लोक काय म्हणतील म्हणून दार लावून घेतलं, तर पायरीवर येऊन बसणारी मावशी आत कशी येणार?

मावशी गेल्या वर्षी वारल्या. मुलगा आता माझ्या खांद्याएवढा झाला आहे. मोठा पाऊस लागला की तो अजूनही जिन्याशी जातो, अजूनही मोजतो. पण आता तिथून हाक मारतो, "आई, अकराच्या अकरा दिसतायत." मी हातातलं काम टाकते आणि त्याच्या शेजारी जाऊन बसते.