अव्होकॅडो व आंबा यांचें तोंडीलावणें

अव्होकॅडोचें फळ झाडावर मऊ होत नाहीं, उतरल्यावरच पिकतें. हें ठाऊक नसल्यानें कित्येक नवे बागाइतदार कठीण फळ चाखतात व बेचव ठरवून झाडच तोडतात, हें आम्हांस अनाठायीं वाटतें. फळ पूर्ण वाढूं द्यावें. कोवळें उतरल्यास तें नुसतें सुरकुततें. उतरलेलें फळ पिकत्या केळ्यांबरोबर झांकून ठेवावें, केळ्यांतील इथिलीन वायूनें तें लवकर पिकतें. देठाजवळ किंचित् दबलें म्हणजे कापावें.

मेक्सिको देशांत हा गर मिरची-मिठासह दगडी खलांत ठेंचतात व त्यास ग्वाकामोले म्हणतात. आपल्या खलबत्त्यांतहि तें उत्तम साधतें. दोन फळांच्या गरांत एका घट्ट आंब्याच्या बारीक फोडी, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर व मीठ घालावें. अतिपक्व आंब्यास पाणी सुटतें. आंबे सरल्यास घट्ट पपई घ्यावी. लिंबू मात्र गर काढतांच पिळावें. हवेनें गर काळा पडतो, तें आंबटपणामुळें कांहीं वेळ लांबतें. विस्तवावर ठेवूं नये, कडवटपणा येतो. आम्हांस हें बाजरीच्या भाकरीबरोबर विशेष रुचलें. त्याच दिवशीं संपवावें.